बाबा तोच प्रश्न परत परत विचारतात आणि शेवटी मी ओरडतो, स्टोइक धीर रोजच्या जगण्यात आणायचा कसा?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझा समज चुकत असेल तर लगेच कळेल. वडील 72 वर्षांचे, रिटायर्ड, आई नाही, दिवसभर घरातच. तुम्ही घरून काम करता. बाबा थोड्या थोड्या वेळाने दारात येऊन तेच विचारतात, लाइटबिल भरलं का, गॅस बुक केला का, सोसायटीचा मेंटेनन्स गेला का. तुम्ही काही महिन्यांपासून स्टोइक लोकांचं (मन ताब्यात ठेवून नीट जगायला शिकवणारे जुन्या ग्रीस-रोममधले तत्त्ववेत्ते) वाचताय, व्हिडिओ बघताय, म्हणून ठरवून शांत राहता, पाच-सहा वेळा नीट उत्तर देता आणि मग एखाद्या वेळी असा आवाज चढतो की बाबा काही न बोलता खोलीत निघून जातात आणि रात्री तुम्हाला झोप लागत नाही. आणि तुम्ही विचारताय की धीर अजून वाढवायला काय करू.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पॅरालिसिस झालेले, गुडघा बदललेले, खांदा आखडलेले पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं हेच माझं रोजचं काम, आणि एपिक्टेटस-सेनेका हे दोन स्टोइक बरीच वर्षं सोबत आहेत, वाचण्यापेक्षा रोज वापरण्यासाठी. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

मला वाटतं तुमची अडचण धीर कमी असण्याची नाहीये. पहिल्या पाच-सहा वेळा तुम्ही शांत असता असं तुम्ही धरून चाललाय, पण नीट आठवून बघा, दुसऱ्यांदा बाबा दारात आले तेव्हाच मनात "परत आले" असं झालं असेल, तिसऱ्यांदा "आता तिसऱ्यांदा", म्हणजे आत हिशोब चालू होता, फक्त चेहऱ्यावर येऊ दिला नाही. असा हिशोब साठत गेला की कधीतरी वसूल होणारच. स्टोइक लोक ह्याला धीर म्हणत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ओरडणं ही फार नंतरची गोष्ट, राग त्याच्या खूप आधी आत येऊन बसलेला असतो. आणि व्हिडिओंमध्ये जो दगडी चेहऱ्याचा, काहीच न वाटणारा माणूस स्टोइक म्हणून दाखवतात तो त्यांच्या पुस्तकांत मला तरी सापडलेला नाही. उलट एपिक्टेटस विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगतो की मी पुतळ्यासारखा बधिर असता कामा नये, मुलगा म्हणून, भाऊ म्हणून, बाप म्हणून, नागरिक म्हणून जी नाती आहेत ती मला नीट निभवायची आहेत. हे लक्षात ठेवा, कारण तुम्ही जर बधिर व्हायचा प्रयत्न करत असाल तर तो बाबांच्या वाट्याला ओरडण्याइतकाच वाईट येईल.

आता राग आत येतो कसा, ह्यावर सेनेकाने रागावरच लिहिलेल्या तीन भागांच्या पुस्तकात (नोव्हेटस नावाच्या भावाला उद्देशून लिहिलंय) जे मांडलंय ते मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतं. तो म्हणतो पहिला एक धक्का असतो, छातीत धडधड, कान गरम होणं, तो आपल्या हातात नाही आणि तो राग पण नाही, शहाण्यातल्या शहाण्या माणसालाही तो बसतो. मग मन त्या धक्क्याला अर्थ देतं, "माझ्यावर अन्याय झालाय, ह्याचं उत्तर दिलं पाहिजे", आणि आपण त्याला हो म्हणतो. तिसरी पायरी म्हणजे सुटलेला राग, तिथे विचार चालतच नाही. पहिल्या पायरीवर काही करता येत नाही, तिसरीवर काही उरत नाही, म्हणजे सगळं काम मधल्या पायरीवर. आणि मधल्या पायरीवर नेहमी एक वाक्य असतं, अगदी मराठीत, अगदी तुमच्या आवाजात. ते वाक्य पकडायचं. तुमच्या बाबतीत ते काय असेल ते तुम्हालाच माहीत, पण अंदाज सांगतो: "एकदा सांगितल्यावर कळायला नको का?" किंवा "मी काम करतोय हे ह्यांना दिसत नाही का?" आज ते कागदावर लिहून काढा, खरंच लिहा, नुसतं मनात नको.

लिहायचं कशासाठी, तर ते खरं आहे का ते तपासायला. एपिक्टेटसचं ते प्रसिद्ध म्हणणं, की माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनांबद्दलची आपली मतं त्रास देतात, ह्याचा बरेच लोक "पॉझिटिव्ह विचार करा" असा अर्थ लावतात. तसं नाही. मत चुकीचं असेल तर ते दुरुस्त करा, गोड करू नका, असं ते आहे.

माझ्या कामातलं सांगतो. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला की काही पेशंटना डाव्या बाजूची जाणीवच राहत नाही. दिसतं सगळं, पण मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावा हात खुर्चीखाली लटकत राहतो. घरचे येऊन सांगतात, "प्रयत्नच करत नाहीत हो, सांगून सांगून थकलो", आवाजात राग असतो आणि तो राग महिनोन्‌महिने साठलेला असतो. मी त्यांना समोर बसवून टेस्ट करून दाखवतो, कागदावर रेघा मारलेल्या असतात, सगळ्या खोडायला सांगायच्या, पेशंट उजवीकडच्या खोडतो आणि "झालं" म्हणतो. ते बघताना मुलाचा नाहीतर बायकोचा चेहरा बदलतो. त्या क्षणी मी धीर धरा असं काहीही सांगितलेलं नसतं. "मुद्दाम करत नाहीत" एवढं एक वाक्य "मुद्दाम करतात" ह्या वाक्याच्या जागी येऊन बसलं, बास. काम तेवढंच राहतं, दमणूक तेवढीच, पण चीड बरीचशी जाते.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिली गोष्ट मी सांगेन ती तत्त्वज्ञानाची नाहीच. बाबांना डॉक्टरकडे घेऊन जा. तेच तेच विचारणं हे नुसत्या वयाचं असेल, काळजीचं असेल किंवा विसरण्याचं असेल, आणि विसरण्यामागे व्हिटॅमिन बी-12 कमी असणं, थायरॉइड, डिप्रेशन, काही वेळा नुसतं कमी ऐकू येणं असं दुरुस्त होण्यासारखंही काही निघू शकतं. आणि डिमेन्शियाची, म्हणजे विसरण्याच्या आजाराची, सुरुवात निघाली तरी तुम्हाला ते माहीत असलं पाहिजे, कारण तेव्हा "एकदा सांगितल्यावर कळायला हवं" हे तुमचं वाक्य सरळ सरळ खोटं ठरतं, त्यांच्यासाठी प्रत्येक वेळ ही पहिलीच वेळ असते. खोट्या वाक्यावर उभा असलेला राग ते वाक्य पडलं की खूपसा पडतो. आणि विसरणं नसेल तर दुसरा प्रश्न विचारा: ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं, सगळी बिलं भरली, त्याला आता कुणी कशाला विचारत नाही, आणि लाइटबिल ही घरातली त्याच्या हाताला लागणारी एवढी एकच गोष्ट उरली असेल तर? मग ते बिल त्यांच्याकडेच सोपवा ना. महावितरणच्या केंद्रात जाऊन भरू देत, पावती फाइलला लावू देत. दारामागे एक व्हाइट बोर्ड लावा, काय भरलं आणि कुठल्या तारखेला ते त्यावर, त्यांच्याच अक्षरात. हे स्टोइक आहे का असं कुणी विचारेल. माझ्या मते पूर्ण आहे. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे आधी वेगळं करा असं एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तकाची सुरुवातच सांगते, लोक त्यातला "हातात नाही" हा भाग तेवढा लक्षात ठेवतात आणि हातात असलेलं करायचं राहून जातं.

ह्यानंतर रोजचा सराव. सकाळ, ऐन वेळ आणि रात्र अशा तीन जागा आहेत, आणि मी सगळ्यात जास्त वजन सकाळला देतो, कारण ऐन वेळी कुणालाही फारसं काही आठवत नाही.

मार्कस ऑरेलियस 161 ते 180 रोमचा सम्राट होता, डॅन्यूबच्या काठावर लढाया, साम्राज्यात साथ, आणि तो स्वतःसाठी लिहून ठेवतो की सकाळी उठल्यावर स्वतःला सांग, आज मला लुडबुड करणारी, उपकार न मानणारी, उद्धट माणसं भेटणार आहेत. पहिल्यांदा वाचलं की फार निराश वाटतं. पण पुढे तो म्हणतो की ही माझ्याच नात्यातली माणसं आहेत, आम्ही एकमेकांसोबत काम करायला जन्मलोय, हात जसे जोडीने काम करतात तसे. एपिक्टेटसचं उदाहरण अजून रोजच्यातलं आहे, तो म्हणतो सार्वजनिक स्नानगृहात जाणार असशील तर निघायच्या आधीच डोळ्यांसमोर आण की तिथे कुणी पाणी उडवेल, कुणी धक्का देईल, कुणी शिवी देईल, कुणी काहीतरी चोरेल. आणि मग स्वतःला सांग, मला दोन गोष्टी करायच्यात, अंघोळ करायचीय आणि माझं मन जागेवर ठेवायचंय. आपल्याकडे हे वाचून कुणालाही पैठणचे नाथमहाराज आठवतील, अंगावर थुंकलं की परत गोदावरीत स्नान, परत थुंकलं की परत स्नान. ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि नाथ संत होते म्हणून हात जोडून मोकळे होतो. एपिक्टेटस ते आपल्यासारख्यांसाठी निघण्याआधीच्या एका मिनिटावर आणून ठेवतो, म्हणून मला तो इतका जवळचा वाटतो.

तर तुमचं एक मिनिट असं असू शकतं, लॅपटॉप उघडायच्या आधी: आज बाबा लाइटबिलाचं विचारतील, बहुतेक आठ-दहा वेळा, त्यातलं एकदा तरी मी कॉलवर असताना, कदाचित नेमका क्लायंट बोलत असताना. आज मला काम करायचंय आणि बाबांचा मुलगा म्हणूनही राहायचंय. एवढंच. "आज मी अजिबात चिडणार नाही" असा संकल्प करू नका, तो पहिल्याच धक्क्याला मोडतो आणि मग दिवसभर कशालाच धरबंध राहत नाही. आकडा मुद्दाम मोठा धरा. दहा धरलेत आणि सहाच झाले तर सहाव्या वेळी तुमच्या मनात हिशोब चालू नसतो.

ह्याचा माझा अनुभव खांद्याच्या पेशंटवर रोजचा आहे. फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, मोकळा व्हायला साधारण एक ते तीन वर्षं लागू शकतात. ज्याला हे पहिल्या दिवशी नीट सांगितलं जातं तो रात्रीचं दुखणंही बऱ्यापैकी सोसतो, व्यायाम सोडत नाही, आणि ज्याला कुणीतरी "पंधरा दिवसांत बरं होईल" म्हणून पाठवलेलं असतं तो सोळाव्या दिवशी माझ्यावर, स्वतःवर, बायकोवर सगळ्यांवर चिडलेला असतो. दुखणं दोघांचं सारखंच. दुसऱ्याच्या दुखण्यावर "एव्हाना बरं व्हायला हवं होतं" हे अजून एक ओझं बसलेलं असतं. एपिक्टेटसकडे एक जण आला होता, माझा भाऊ माझ्यावर चिडलाय, त्याचा राग कसा घालवू म्हणून विचारायला. एपिक्टेटस त्याला म्हणाला, भावाला माझ्याकडे आण, मी त्याच्याशी बोलेन, पण त्याच्या रागाबद्दल तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, तुला तुझं मन कसं ठेवायचं ते सांगू शकतो. आणि तो माणूस लगेच ते कसं जमेल असं विचारतो तेव्हा उत्तर मिळतं की अंजीर हवं असेल तर वेळ द्यावा लागतो, आधी मोहर, मग फळ, मग ते पिकणं, आणि माणसाच्या मनाचं फळ तुला तासाभरात हवंय का. काही महिने झाले तरी जमत नाही असं तुम्ही लिहिलंय ना, म्हणून ही गोष्ट सांगितली.

ऐन वेळचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे करण्यासारखं खरंच थोडं आहे. उशीर करा. रागावरचं सगळ्यात मोठं औषध उशीर हे सेनेका एकापेक्षा जास्त वेळा सांगतो, आणि एपिक्टेटसही म्हणतो की थोडा वेळ मिळवलास तर स्वतःला आवरणं सोपं जाईल. सेनेका प्लेटोची एक गोष्ट देतो, गुलामाला मारायला हात उचलला, लक्षात आलं की आपण रागात आहोत, तसाच हात वर धरून उभा राहिला, कुणी विचारलं काय करतोयस तर म्हणाला एका रागावलेल्या माणसाला शिक्षा देतोय. तुमच्यासाठी हाच उशीर शरीरातून आणणं सोपं आहे: दात आवळले गेलेत का, खांदे कानापाशी आलेत का ते बघा, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवा, श्वास घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावा, असा लांब उच्छ्‌वास तीन-चारदा केला की हृदयाचे ठोके खरंच थोडे खाली येतात. मग बाबांकडे मान वळवून "हो बाबा, भरलं". पूर्ण मान वळवून. स्क्रीनकडे बघत दिलेलं उत्तर त्यांना उत्तर वाटत नाही, म्हणून ते परत येतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. आणि त्या वेळी समजावायला जाऊ नका, "बाबा, हे आत्ता पाचव्यांदा विचारताय" हे वाक्य कितीही हळू आवाजात म्हटलं तरी हिशोबच आहे.

रात्रीचा सराव तुमच्या झोपेसाठी सांगतोय. सेनेका लिहितो की दिवा विझला, बायको गप्प झाली (तिला त्याची सवय माहीत होती) की तो अख्खा दिवस तपासायचा, काय बोललो, काय केलं, काही लपवायचं नाही. सेक्स्टियस नावाच्या आधीच्या एका तत्त्ववेत्त्याकडून त्याने हे घेतलं होतं, आज कुठली वाईट सवय बरी केलीस, कुठल्या दोषाला अडवलंस, कुठे सुधारलास असे प्रश्न. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याचं स्वतःशी बोलणं: परत असं करू नकोस बघ, आत्ता तुला माफ केलं. तुम्ही सध्या रात्री जे करताय ते तपासणं नसून शिक्षा आहे, आणि शिक्षा भोगून झोपलेला माणूस सकाळी आधीच दमलेला उठतो. पाच मिनिटं, शक्यतो लिहून, कुठलं वाक्य आलं, ते खरं होतं का, उद्या त्या जागी काय म्हणेन, आणि वही बंद. दुसऱ्या दिवशी बाबांना "काल जोरात बोललो, चुकलं" एवढं सांगायचं असेल तर सांगा, त्यांना आठवत नसलं तरी सांगा.

ट्रॅफिक, बँकेची रांग, न येणारा ओटीपी, सांडलेलं दूध ह्या सगळ्याचा उपयोग करून घ्या. एपिक्टेटस म्हणतोच की सुरुवात छोट्या गोष्टींपासून कर, तेल सांडलं, थोडी वाइन चोरीला गेली, तर स्वतःला सांग की शांत मन एवढ्या किमतीला मिळतंय. त्याचा स्वतःचा लोखंडी दिवा चोरीला गेला तेव्हा तो म्हणाला उद्या मातीचा आणू. जे सिग्नलवर जमत नाही ते घरात, जिथे वर्षानुवर्षांचं नातं आहे तिथे, एकदम जमेल अशी अपेक्षा धरू नका.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुमची झोप किती होते, दुपारचं जेवण वेळेवर होतं का? हे विचारतोय कारण सेनेकाच सांगतो की दमलेला माणूस भांडण शोधत असतो, आणि भुकेला नि तहानलेलाही. घरात मदतीला कुणी आहे का, बहीण-भाऊ आठवड्यातून एक दिवस घेऊ शकतात का? एकट्याने सगळं करायचं आणि वर धीर पण ठेवायचा हे कुठल्याही तत्त्वज्ञानाला फार काळ पेलत नाही. हात उचलला जाण्यापर्यंत गोष्ट जात असेल, किंवा सारखं रडू येणं, जगण्यात रस न वाटणं असं असेल तर पुस्तकं बाजूला ठेवून आधी काउन्सेलर किंवा सायकियाट्रिस्टकडे जा.

आणि हा धीर ऑफिसलाही तसाच लावू नका, कारण तुम्ही ओझरतं लिहिलंय की मॅनेजर रात्री अकराला फोन करतो आणि "स्टोइक राहून" तुम्ही तो उचलता. तिथे धीर म्हणजे न चिडता नाही म्हणणं. स्टोइकांच्या चार मुख्य गुणांमध्ये न्याय पण आहे. हेल्विडियस प्रिस्कस नावाच्या स्टोइक सिनेटरला रोमचा सम्राट वेस्पेशियनने सिनेटमध्ये (रोमच्या राज्यकारभाराच्या सभेत) येऊ नकोस असा निरोप पाठवला, तर त्याने उत्तर दिलं की मला सिनेटर ठेवायचं की नाही हे तुझ्या हातात, पण जोपर्यंत मी सिनेटर आहे तोपर्यंत मला यावं लागेल. जीव गेला त्याचा. एपिक्टेटस हे उदाहरण मोठ्या आदराने सांगतो, आणि तो स्वतः गुलाम म्हणून राहिलेला, पायाने अधू असलेला माणूस आहे, सोसणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बाबांच्या बाबतीत मात्र एपिक्टेटसचं एक वेगळं म्हणणं आहे. तो विचारतो, निसर्गाने तुझं नातं चांगल्या बापाशी जोडलं होतं का? नाही, बापाशी. म्हणजे समोरचा कसा वागतो ह्यावर माझं मुलगा असणं अवलंबून नाही. मी हे पेशंटच्या घरच्यांना सहसा सांगत नाही, कारण चुकीच्या वेळी सांगितलं तर ते मुकाट्याने सहन करा असं ऐकू येतं. तुम्हाला सांगतोय कारण तुमच्या प्रश्नात बाबांबद्दलची माया दिसतेय, नाहीतर झोप उडाली नसती. ह्या वाक्याने मला स्वतःला एक मोकळेपणा दिलाय: समोरचा बदलेपर्यंत थांबावं लागत नाही, मला जसं वागायचंय तसं मी आज दुपारीच वागू शकतो.

प्रगती मोजायची असेल तर एपिक्टेटसचीच पद्धत घ्या. न चिडलेले दिवस मोज म्हणतो तो: आधी रोज रागवायचो, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग तीन, आणि 30 दिवस गेले तर देवाला अर्घ्य दे. कॅलेंडरवर टिंब काढत जा. मध्ये एखादा दिवस गेला तर परत एकपासून सुरू, त्यात काही बिघडत नाही.

वाचायचं तर व्हिडिओ काही दिवस बंद ठेवा आणि एपिक्टेटसचं एन्कायरिडियन (वर म्हटलेलं छोटं पुस्तक) घ्या, पन्नासेक छोटी छोटी प्रकरणं आहेत, एका बैठकीत होतं, त्यातलं 4, 5, 20 आणि 30 परत परत वाचा, मग सेनेकाच्या रागावरच्या पुस्तकाचा तिसरा भाग. पण आधी ह्या आठवड्यात बाबांची डॉक्टरची अपॉइंटमेंट, बी-12, थायरॉइड आणि कानाची तपासणी. रिपोर्ट काय येतात ते कळवा, विसरण्याचा आजार निघाला तर घरात बोर्ड कुठे लावायचा, दिवसाचं वेळापत्रक कसं ठेवायचं ह्याबद्दल मला वेगळं आणि जास्त नेमकं सांगता येईल.